आज पक्षाचा कितवा दिवस?



आजचं वाचन विनयपिटकातल्या महावग्गाचं, त्यातल्या उपोसथ खंधकाचं. खरं तर धम्मपदाचा क्रम चालू ठेवायचा होता. पण या आठवड्यात आमच्या पुण्याच्या उपासक ग्रुपवर जो वाद पेटला, त्यामुळे मधेच हे पान उघडावं लागलं.

वाद असा. वर्षावासाची समाप्ती अश्विन पौर्णिमेला. यंदा पौर्णिमा लागली सोमवारी, ६ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी, आणि संपली मंगळवारी सकाळी नऊनंतर. मग अष्टशील कधी घ्यायचं? एकाने घरच्या कॅलेंडरचा फोटो टाकला. दुसऱ्याने सांगितलं, श्रीलंकेत पोया सोमवारी आहे. तिसऱ्याने थायलंडचं पोस्टर टाकलं, तिथे मंगळवार. अर्ध्यांनी सोमवारी शील घेतलं, अर्ध्यांनी मंगळवारी, आणि विहारात दोन्ही दिवशी माणसं कमी. शेवटी एका दादाने वैतागून लिहिलं की तिथी-बिथीची कटकटच नको, पंचांग आपण कधीच सोडलंय, बुद्धांचा त्याच्याशी काय संबंध?

दादांचा वैताग मला कळतो. पण संबंध आहे, आणि तो याच खंधकात आहे.

प्रसंग छोटा आहे. भिक्खू भिक्षेला गेले की लोक त्यांना सहज विचारायचे, भन्ते, आज पक्षाचा कितवा दिवस? भिक्खू म्हणायचे, आम्हाला माहीत नाही. लोक कुरकुरायला लागले. यांना साधा पंधरवडा मोजता येत नाही, मग दुसरं काय चांगलं येत असणार? ही तक्रार भगवंतांपर्यंत गेली. त्यांनी लोकांना दोष दिला नाही, आणि हा प्रश्न भिक्खूंच्या कामाचा नाही असंही म्हटलं नाही. पक्षगणना शिकायची अनुज्ञा दिली. पुढे भिक्खूंना प्रश्न पडला, शिकायची कोणी? उत्तर मिळालं, सगळ्यांनी.

मला या 'सगळ्यांनी'चं फार अप्रूप वाटतं. एका जाणकाराकडे गणित सोपवून बाकीच्यांनी त्याला विचारत बसायचं, अशी सोय इथे ठेवलेली नाही.

त्याच्या पुढचा भाग तर आपल्या ग्रुप ॲडमिनसाठीच लिहिलाय असं वाटतं. आज उपोसथ आहे हे काही भिक्खूंना कळतच नसे, म्हणून ते जाहीर करायचं ठरलं. वडीलधाऱ्या थेरांनी वेळेवर सांगावं. थेरांना वेळेवर आठवेना, तर जेवणाच्या वेळी सांगावं. तेव्हाही विसरले, तर जेव्हा आठवेल तेव्हा सांगावं. अडीच हजार वर्षांपूर्वीही रिमाइंडर लावावा लागत होता, म्हणजे आपण काही फार बिघडलेलो नाही!

आता दादांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांचं भविष्य सांगणं, लग्नाचे शुभ दिवस काढून देणं, यांवर पोट भरण्याला हीन विद्या म्हटलंय. म्हणजे दिवस मोजायला शिका, पण दिवसाला शुभ-अशुभ ठरवून त्याचा धंदा करू नका. आपण सोडलं ते मुहूर्त काढणं. त्यासोबत मोजणंही सोडून दिलं, ही आपली चूक.

तर मोजूया. अवघड नाही.

अमावस्या ते अमावस्या साधारण साडेएकोणतीस दिवस. महिन्याचे दोन पक्ष. पण साडेएकोणतिसाचे सारखे दोन भाग केले तर पावणेपंधरा येतात, आणि पाऊण दिवस पाळता येत नाही. जुन्या पाली पद्धतीत यावर साधा तोडगा आहे. वर्षाचे तीन ऋतू: हेमंत, ग्रीष्म, वर्षा. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा, म्हणजे आठ पक्षांचा. त्यातला तिसरा आणि सातवा पक्ष चौदा दिवसांचा धरायचा, बाकी सहा पंधरा दिवसांचे. वर्षात चौदाचे सहा पक्ष, पंधराचे अठरा. ८४ आणि २७० मिळून ३५४. चांद्रवर्षाचे दिवस तेवढेच! विनयात उपोसथ चौदावा आणि पंधरावा असे दोन प्रकारचे का सांगितलेत, ते हे गणित कागदावर मांडेपर्यंत मला कळलं नव्हतं.

आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पद्धत वेगळी. तिथे तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी १९ तासांची, कधी २६ तासांची. ती लागते दुपारी नाहीतर मध्यरात्री, आणि सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची धरतात. सोमवारी रात्री आकाशात पूर्ण चंद्र होता, मंगळवारच्या सूर्योदयाला पौर्णिमा होती. ज्याने सोमवार पाळला त्याने चंद्र पाहिला, ज्याने मंगळवार पाळला त्याने सूर्योदय पाहिला. ग्रुपवर भांडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

३५४ आणि ३६५ मधला अकरा दिवसांचा फरक दर वर्षी साठत जातो. तो तसाच सोडला तर वर्षावास हळूहळू उन्हाळ्यात जाईल. म्हणून साधारण तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात. कुठे घालायचा, यावर मात्र देशांचं एकमत नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे श्रावण अधिक होता, तर थायलंडने आणि श्रीलंकेने आषाढ अधिक धरला. आपली आषाढ पौर्णिमा ३ जुलैला झाली, त्यांची १ ऑगस्टला. महिन्याच्या फरकाने दोघांचा वर्षावास सुरू झाला, संपला मात्र एकाच पौर्णिमेच्या आसपास. धम्म तोच, चंद्र तोच. आता २०२६ मध्ये आपल्याकडे ज्येष्ठ अधिक येतोय. बुद्धपौर्णिमा आपली १ मे ला, थायलंडची ३१ मे ला, आणि आषाढ पौर्णिमा दोघांचीही २९ जुलैला. ग्रुपवर आत्ताच पिन करून ठेवा.

संवतांचंही असंच. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला भारतात आणि श्रीलंकेत २५०० वी बुद्धजयंती झाली. थायलंडने २५०० वं वर्ष १९५७ मध्ये साजरं केलं, कारण ते गणना एक वर्ष पुढून धरतात. भारत सरकारचं राष्ट्रीय कॅलेंडरही त्याच काळातलं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभरची पंचांगं गोळा करून तपासली, आणि २२ मार्च १९५७ ला १ चैत्र शके १८७९ म्हणून ते सुरू झालं. आकाशवाणीवर ऐकू येतं, सरकारी राजपत्रावर छापलेलं असतं, आणि त्यातली आजची तारीख कोणती असं विचारलं तर मलाही मोबाईल काढावा लागतो.

पण मला जायचंय माझ्या गावाकडे. मी चंद्रपूरची. आमच्याकडे ही सगळी कालगणना पुस्तकात नाही, बसच्या रस्त्यावर भेटते.

चंद्रपुरातच महाकालीची यात्रा चैत्रात, मराठवाड्यातून माणसं येतात. अर्ध्या-पाऊण तासावर भद्रावती. तिथे विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आणि गावात पार्श्वनाथांचं जैन तीर्थ. पार्श्वनाथांचा जन्मदिवस जैन लोक पौष दशमी म्हणतात. शाळेत असताना मैत्रिणीने सांगितलं म्हणून मी कॅलेंडरात पौष वद्य दशमी शोधली, तर महिनाभर चुकले. कारण आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव जुळतं, वद्य पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे. त्यांचा पौष वद्य म्हणजे आपला मार्गशीर्ष वद्य. तसंच मार्कंडाच्या यात्रेचं. वैनगंगेकाठी चामोर्शी तालुक्यात महाशिवरात्रीला गर्दी होते, ती आपल्या हिशोबाने माघ वद्य चतुर्दशी, उत्तरेच्या हिशोबाने फाल्गुनातली. रात्र एकच. आणखी दक्षिणेला भामरागडकडे जा. माडिया गावांत पंडुम असतो, नवं फळ, नवं धान्य खाण्याआधीचा सण. त्याला छापील तारीख नसते. झाड तयार झालं की गाव बसतं आणि दिवस ठरवतं.

नागभीड तालुक्यात देवटेक म्हणून गाव आहे. तिथल्या शिळेवर अशोककाळातला मानला जाणारा लेख आहे, प्राण्यांना पकडू नये, मारू नये अशी आज्ञा सांगणारा. पुढे त्याच दगडावर वाकाटक रुद्रसेनानेही आपला लेख कोरला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर दिवसांची यादीच आहे. चातुर्मासी पौर्णिमा, चतुर्दशी, पंचदशी, प्रतिपदा, उपोसथाचे दिवस, या दिवशी मासेसुद्धा मारू नयेत, विकू नयेत. ती यादी पाळायची तर कोळ्यालाही पंधरवडा मोजता यायला हवा होता. पुन्हा तेच, शिकायची कोणी? सगळ्यांनी.

आणि आता माझा स्वतःचा प्रश्न, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

१४ ऑक्टोबर १९५६, रविवार. त्या दिवशी विजयादशमी होती आणि नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, दिली. दुसऱ्या दिवशीही ते नागपुरात होते. १६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. तेव्हा चंद्रपूरचं नाव चांदा, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने इथे दीक्षा समारंभ झाला. त्यानंतर एक्कावन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण.

आता गंमत बघा. नागपूरची मोठी गर्दी तिथीवर जमते, अशोक विजयादशमीला. ती २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १२ ला, यंदा २ ऑक्टोबरला. चंद्रपूर मात्र तारीख धरून चालतं. दर वर्षी १५ आणि १६ ऑक्टोबर, धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन. आकाशात काहीही असो. दोन दिवसांच्या अंतराने घडलेल्या घटना, एक चंद्राच्या कॅलेंडरवर गेली, एक सूर्याच्या.

याचा परिणाम माझ्या पगारावर होतो. दसऱ्याची सुट्टी आमच्या ऑफिसच्या यादीत असते, १६ ऑक्टोबरची नसते. गेली तीन वर्षं मी दसऱ्याला पुण्याच्या विहारात वंदना करते, १६ ला मोबाईलवर चंद्रपूरचं लाईव्ह बघते आणि मनाशी म्हणते, झालं की एकदा. यंदाही तसंच करणार होते.

गेल्या आठवड्यात आजीचा फोन आला. आजी मूल तालुक्यातली. १९५६ मध्ये ती सात-आठ वर्षांची होती, वडिलांसोबत बैलगाडीत बसून चांद्याला गेली होती. तिने विचारलं, "यंदा येतेस का बाई?" मी म्हटलं, "आजी, सुट्टी नाही. दसऱ्याला केलं ना इथे." ती म्हणाली, "दसरा नागपूरचा. आमचा चांद्याचा दिवस वेगळा. काहून येत नाहीस?"

मी जरा हुशारी केली. म्हटलं, "आजी, तो दिवस १६ तारखेचाच होता हे तुला कसं माहीत? तुला तर तारखा येत नव्हत्या."

ती चिडली नाही. म्हणाली, तारीख नव्हती माहीत, पण दसरा होऊन गेला होता आणि कोजागरी यायची होती. धान निसवलं होतं. रात्री परत येताना कंदील लावावा नाही लागला, चांदणं असं होतं की बैलाच्या सावलीत मी माझी सावली शोधत होते. पहाटेकडे चांद बुडाला, मग बाबांनी कंदील लावला.

फोन ठेवल्यावर मी हिशोब केला. १४ ला दशमी, तर १६ ला शुद्ध द्वादशी. द्वादशीचा चंद्र संध्याकाळीच चांगला वर आलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आधी मावळतो. पौर्णिमा होती १९ ला, म्हणजे वर्षावास संपायला तीन दिवस होते. एका न शिकलेल्या मुलीने सावलीवरून जो दिवस ध्यानात ठेवला, तो पंचांगाला तंतोतंत जुळला. लोकांनी भिक्खूंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आजीला येत होतं, आणि इंजिनियर असून मला येत नव्हतं.

आणि यंदाच्या १६ ऑक्टोबरला काय असेल? अश्विन वद्य दशमी. संध्याकाळी दीक्षाभूमीवर अंधार, चंद्र उगवणार मध्यरात्रीनंतर. तारीख तीच, आकाश उलटं. मग खरा दिवस कोणता, तारखेचा की तिथीचा?

याच खंधकात बिंबिसार राजा येतो. इतर पंथांचे परिव्राजक चौदाव्या, पंधराव्या आणि आठव्या दिवशी एकत्र जमतात, लोक त्यांना ऐकायला जातात, आपल्या भिक्खूंनीही जमावं असं त्याने सुचवलं, आणि भगवंतांनी ते मानलं. म्हणजे उपोसथाचे दिवस आकाशातून आलेले नाहीत, शेजाऱ्यांकडून घेतलेत. पुढच्या वर्षावासाच्या खंधकात हाच राजा निरोप पाठवतो, वर्षावास जरा पुढे न्यावा. तेही मान्य झालं. जैन परंपरेतही अशीच कथा आहे आणि ती तर आपल्या पैठणची. सातवाहन राजाने कालकाचार्यांना विनंती केली की भाद्रपद शुद्ध पंचमीला इंद्राचा उत्सव असतो, मला पर्युषणाला येता येणार नाही. आचार्यांनी दिवस चतुर्थीवर आणला. श्वेतांबरांत मोठ्या प्रमाणावर आजही चतुर्थीला संवत्सरी पाळतात. दोन्हीकडे दिवस हलवला तो माणसं जमावीत म्हणून.

हे वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दिवस हलवता येतो, तर माझा दसराही चालेल! पण मग त्याच खंधकातला महाकप्पिनांचा प्रसंग समोर आला. महाकप्पिन अर्हत होते. एकांतात बसले असताना त्यांच्या मनात आलं, मी तर पूर्ण शुद्ध झालोय, मग उपोसथाला, संघाच्या कामाला जायलाच हवं का? भगवंत स्वतः त्यांच्यापुढे येऊन बसले. तू शुद्ध आहेस हे त्यांनी नाकारलं नाही. एवढंच विचारलं की तुझ्यासारख्यांनीच उपोसथाचा मान राखला नाही तर राखणार कोण? आणि सांगितलं, जा, न जाणं ठेवू नकोस.

म्हणजे दिवस हलवायचा तर सगळ्यांनी मिळून हलवायचा. एकट्याने घरी बसून आपल्यापुरता हलवायचा नाही. राजाने विनंती केली ती इतरांसोबत बसता यावं म्हणून. मी दसऱ्यावर भागवत होते ते प्रवास टळावा म्हणून, हे मला माहीत आहे. माझी वंदना पुण्यात झाली, ती खोटी नाही. पण चांद्याचा संघ १६ ला जमतो. सिरोंचा, अहेरी, ब्रह्मपुरी, राजुऱ्याकडून बसा भरून माणसं येतात, रात्री मैदानातच झोपतात, त्यांनी तो दिवस ठरवलाय. माझी आजी त्यात आहे. आता ती ७७ वर्षांची आहे.

ज्यांना खरंच रजा मिळत नाही, हॉस्पिटलच्या ड्युटीवर आहेत, परदेशात आहेत, त्यांना हे लागू करू नका. याच खंधकात आजारी भिक्खूची सोयही आहे. तो येऊ शकत नसेल तर आपली परिशुद्धी दुसऱ्याच्या हाती कळवतो. लाईव्हची लिंक त्यांच्यासाठी आहे. माझ्यासाठी ती नव्हती.

आता थोडा अभ्यास, सगळ्यांनी करायचा. उद्यापासून पंधरा दिवस झोपण्याआधी एकदा गच्चीवर किंवा खिडकीत जा आणि चंद्र कुठे आहे ते वहीत लिहा. दिसला नाही तर 'दिसला नाही' लिहा. कॅलेंडर बघू नका. सध्या वद्य पक्ष आहे, म्हणजे चंद्र रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवेल. मध्यरात्रीच्या सुमाराला अर्धा चंद्र उगवताना दिसला तर अष्टमी आली, उपोसथाचा दिवस. मग कॅलेंडर उघडून ताडून बघा. चुकलात तर किती दिवसांनी चुकलात ते कमेंटमध्ये सांगा, मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन दिवसांनी चुकले होते.

पुढचं वाचन याच खंधकातलं, शलाका वाटून भिक्खूंची संख्या मोजण्याचं. ते १६ तारखेनंतरच येईल. बुधवारी रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून सकाळची बस धरून चंद्रपूर. ऑफिसात बिनपगारी रजा टाकली आहे. आजीला सांगितलं तर म्हणाली, येताना टॉर्च आण, यंदा चांदणं नाही.

भवतु सब्ब मंगलं.